चुकलं-माकलं

माझी आजी संध्याकाळी दिवा लावून झाला की देव्हाऱ्यापुढं पदर पसरायची आणि एवढंच म्हणायची, "चुकलं-माकलं पदरात घे, बाबा." तिला आरती पाठ नव्हती, अक्षरओळख नव्हती, आणि देवाशी बोलायला याहून जास्त शब्द लागतात असं तिला कधी वाटलंही नाही. घरात कुणी तापानं फणफणलेलं असो, बैल बसलेला असो की आभाळ कोरडं असो, वाक्य तेच.

1972 साली मी आठ वर्षांचा होतो. पाथर्डी तालुक्यातलं आमचं गाव. त्या वर्षी मृग नुसता शिंतडून गेला, श्रावणही कोरडाच गेला, आणि पोळ्याच्या आत गावानं महादेव कोंडायचं ठरवलं. गाभाऱ्यातलं पाणी बाहेर जायची वाट चिखल आणि गोणपाट कोंबून बुजवायची, घागरीमागं घागर ओतून पिंड बुडवायची. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस पाडील, असा त्यामागचा हिशोब. गावात पाणी उरलं होतं ते एकाच विहिरीला, तेही रात्र जागून थोडंथोडं शेंदावं इतकं. त्या पाण्याच्या घागरी वाजत-गाजत देवळाकडे निघाल्या. आजीनंही अर्धी घागर नेली आणि ओतली. परत येताना वेशीपाशी थांबून ती शेजारणीला म्हणाली, "त्याला कोंडून काय व्हतंय? आपलं काय चुकलं ते कुणी बोलंना."

त्या विहिरीच्या काठापासून दहा पावलं लांब, उन्हात, गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन बसलेल्या असायच्या. कुणी शेंदून वरून ओतलं तर त्यांना पाणी मिळायचं, नाहीतर नाही. दुसऱ्या दिवसापासून आजी आपली घागर भरण्याआधी त्यांच्यातला एक हंडा भरू लागली. कुणाला काही सांगितलं नाही, कुणाशी भांडली नाही. पाऊस आला नाही तो नाहीच.

हा संग्रह माझ्याकडे प्रस्तावनेसाठी आला तेव्हा पहिल्यांदा ती विहीर आठवली. नगर जिल्ह्यातल्या माणसांनी दुष्काळात, पटकीत, कर्जात आणि अगदी अलीकडच्या करोनात देवापुढं काय म्हटलं आणि म्हणून झाल्यावर काय केलं, याच्या आठवणी, गाऱ्हाणी आणि प्रार्थना पुढच्या पानांत गोळा केल्या आहेत. संकटात देव आठवतो, यात नवल काही नाही. ते सगळ्या जगात चालतं. मला कुतूहल आहे ते आजीच्या प्रश्नाचं. देवापुढं वाकलेल्या माणसाला आपलं काय चुकलं हे बोलता येतं का? आणि बोलल्यावर त्याच्या हातून काय होतं?

या प्रश्नासाठी नगर जिल्हा फार चांगली जागा आहे. आता त्याचं सरकारी नाव अहिल्यानगर, जामखेड तालुक्यातल्या चौंडीत 1725 साली जन्मलेल्या लेकीवरून ठेवलेलं. तोंडी मात्र अजून नगरच आहे. क्षेत्रफळानं हा राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा. पश्चिमेला अकोल्यात कळसूबाई आणि रतनगड, भंडारदऱ्याचं धरण, धो धो पाऊस, भाताची खाचरं. तिथून पूर्वेला यावं तसं आभाळ आखडत जातं. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी या तालुक्यांनी पावसाची वाट पाहण्यातच पिढ्या घालवल्या. मधल्या पट्ट्यात प्रवरेच्या पाण्यावर ऊस आणि साखर कारखाने. एकाच जिल्ह्यात एकाच्या शेतात पाट वाहतो आणि दुसरा ऊसतोडीला बिऱ्हाड घेऊन गाव सोडतो. जिथं पाणी इतकं विषम, तिथं देवाकडे मागणंही जास्त आणि त्या मागण्यात खोट निघण्याची शक्यताही जास्त.

देवाशी बोलायचे आपल्याकडे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. माझ्यावर अन्याय झाला, तू बघ. साकडं म्हणजे देवाला अडवून धरणं. महादेव कोंडणं हा त्यातलाच प्रकार. नवस हा करार: तू हे दे, मी ते वाहीन. नगरच्या शाह शरीफ पिराला मालोजीराजे भोसल्यांनी नवस केला आणि झालेल्या दोन मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही कथा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. या तिन्ही प्रकारांत बोलणाऱ्याचं काही चुकलंय, असं गृहीत धरलेलं नसतं. चूक असलीच तर दुसऱ्याची, नाहीतर देवाची.

पश्चात्ताप आणि अनुताप हे शब्द वेगळ्या घरचे. दोन्हींत 'ताप' आहे, आणि तो मागाहून चढणारा आहे. हातून काही घडून गेलं, आता अंग भाजतंय. मुसलमान घरातला तौबा हा शब्द त्याच अर्थाच्या आसपासचा. त्याच्या मुळाशी परत फिरणं आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्राम' मराठीत लिहून संतांच्या पंक्तीला बसले. त्यांच्या जिल्ह्यात तौबा आणि अनुताप यांनी एकमेकांना परकं मानायचं कारण नाही.

या सगळ्यांत एक शब्द मात्र जपून वापरावा असा आहे: प्रायश्चित्त. कारण अनुताप आतून चढतो, आणि प्रायश्चित्त पुष्कळदा बाहेरचे लोक ठरवून देतात. या दोहोंतलं अंतर किती असू शकतं हे बघायला नेवाशाला जावं लागतं.

आळंदीच्या विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूच्या आज्ञेवरून ते परत संसारात आले. धर्माच्या जाणकारांनी त्यांना वाळीत टाकलं, आणि सुटकेची वाट विचारायला गेल्यावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. परंपरा सांगते की नवरा-बायकोनं ते मानलं आणि पाठीमागं चार लेकरं टाकून देह ठेवला. एवढं होऊनही लेकरांना आपण शुद्ध असल्याचा कागद मिळवायला पैठणला जावं लागलं. तिथून ती नेवाशाला आली. प्रवरेच्या काठी, एका खांबाला टेकून, त्यांतल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलानं गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. तो पैस खांब आजही तिथं आहे. लोक त्याला मिठी मारायला जातात.

ग्रंथ संपवताना या मुलानं पसायदान मागितलं. शाळेच्या प्रार्थनेत रोज म्हणून म्हणून आपल्याला त्याची धार जाणवेनाशी झाली आहे. ज्याच्या आईबापांना शिक्षेनं संपवलं, तो दुष्टांसाठी काय मागतो? त्यांचं वाकडेपण गळून पडो आणि चांगल्या कामाची त्यांना गोडी लागो. शिक्षेचा शब्द नाही. पश्चात्तापाचा याहून नेमका अर्थ मला कुठल्याच ग्रंथात सापडलेला नाही. माणूस मोडायचा नाही, त्याचा पीळ सोडवायचा. नेवाशाच्या मातीत उमटलेला हा निवाडा या संग्रहाच्या पहिल्या पानावर असायला हवा होता. संपादकांनी तो मधे घातला आहे, म्हणून मी इथं पुढं आणतो.

दुष्काळ हा या भागाचा जुना सोयरा. 1629-30 च्या दुष्काळानं सगळं दख्खन पोळलं. देहूच्या वाण्याच्या घरात बायको गेली, मुलगा गेला, दुकान बसलं. त्यातून तुकाराम देवाकडे वळले, हे सगळे सांगतात. वळल्यावर त्यांनी केलेल्या एका व्यवहाराबद्दल मात्र कमी बोललं जातं. घरात सावकारी होती, लोकांच्या नावचे कर्जाचे कागद होते. परंपरा सांगते की भावाच्या वाट्याचे अर्धे कागद त्याला देऊन तुकारामांनी आपल्या वाट्याचे इंद्रायणीत बुडवले. भजनाला बसण्याआधी त्यांनी ज्यांचं देणं होतं त्यांना मोकळं केलं.

या गोष्टीला नगर जिल्ह्यात अडीचशे वर्षांनी उलटं उत्तर मिळालं. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जखतं ओढून काढली आणि जाळली. तो वणवा नगर जिल्ह्यातल्या पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत या तालुक्यांत पसरला. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. सरकारनं चौकशी केली आणि 1879 साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आणला. तुकारामांनी आपल्या हातानं कागद पाण्यात सोडले. पारनेर-श्रीगोंद्यात ते दुसऱ्यांनी विस्तवात टाकले. ज्यांच्याजवळ कागद होते, त्यांच्या घरीही देव्हारे होते, दिवे लागत होते, आणि दिव्यापुढं 'चुकलं-माकलं' म्हटलं जात होतं. नेमकं काय चुकलं हे वेळेवर कुणी बोललं नाही, की ते बोलायला मग बाहेरचे लोक येतात.

नगरात पश्चात्ताप हा शब्द रोजच्या वापरात आणणारा आणखी एक प्रवाह आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथं 1831 साली सुरू झालं. 1842 मध्ये 'ज्ञानोदय' नगरहूनच निघू लागला. ख्रिस्ती उपदेशात पश्चात्ताप म्हणजे दारातली पायरी. ती चढल्याशिवाय आत जाता येत नाही. योनाच्या गोष्टीत तर निनवे शहराचा राजाच सिंहासनावरून उतरून राखेत बसतो आणि माणसांबरोबर गुराढोरांनाही उपास घडतो. ही गोष्ट मराठी खेड्यात सांगितली गेली तेव्हा ऐकणाऱ्यांना ती मुळीच परकी वाटली नसणार. दुष्काळात आपली गुरं आपल्याबरोबर उपाशी राहतात, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

मिशनच्या दुष्काळी कामाबद्दल दोन बाजूंनी बोललं जातं. पोटासाठी धर्म सोडला, असा एक टोमणा आहे. टोमणा मारणाऱ्यांनी त्या माणसांना आधी आपल्या विहिरीवर येऊ दिलं होतं का, हा त्यावरचा सवाल आहे. मला या वादापेक्षा लक्ष्मीबाई टिळक जास्त सांगून जातात. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे परतल्या, पण सोवळं सांभाळून. चूल वेगळी, पाणी वेगळं. मग एकेक धागा सुटत गेला आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्याच सुमाराच्या दुष्काळात या घरानं अनाथ पोरं जवळ केली. 'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवतं की ही बाई आपली चूक सांगताना गळा काढत नाही, ती हसते. आपलं सोवळं, आपला हेका, आपला राग, सगळं ती नाव घेऊन सांगते आणि वाचणाऱ्यालाही आपापलं सोवळं आठवून ओशाळं हसू येतं. कबुलीला रडूच लागतं असं नाही, हे मराठीला शिकवलं ते तिनं.

रडण्यालाही जागा आहे. नगरहून दौंडमार्गे पुण्याकडे जाताना वाटेत केडगाव लागतं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थाटन करत पुराणं सांगायचे. 1870 च्या दशकातल्या मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात पुराणांची पारायणं आणि उपास चालू असतानाच आईवडील भुकेनं खंगून गेले. त्या पोरक्या मुलीनं पुढं 1897 आणि 1900 च्या दुष्काळांतून शेकडो मुली-बायका केडगावला आणल्या. तिथं 1905 साली प्रार्थनेची अशी लाट उठली की मुली तासन्‌तास रडत, आपल्या हातून घडलेलं बोलून दाखवत. त्या लाटेचं वर्णन भारावून केलं जातं. पण मुलींच्या त्या रडण्याआधी जेवणाची पंगत होती, डोक्यावर छप्पर होतं, हातात काम होतं. रमाबाईंनी उपाशी माणसाला आधी पश्चात्ताप करायला सांगितलं नाही. आधी त्यांनी ताट वाढलं.

इथं एक धोक्याची खूण लावून ठेवतो. संकट म्हणजे देवाची शिक्षा, असं एकदा धरलं की पुढचा प्रश्न येतो: शिक्षा कुणाच्या पापाची? आणि बोट बहुधा दुबळ्याकडे जातं. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा, असं गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ टागोरांनी त्यांना जाहीरपणे हटकलं: निसर्गाच्या कोपाला नीतीचा हिशोब चिकटवू नका, आंधळ्या समजुतींना त्यानं बळ मिळतं. अस्पृश्यता हे पाप आहे याबद्दल दोघांत वाद नव्हता. पण ढिगाऱ्याखाली जे गेले त्यांत अस्पृश्यही होते. ज्याचं घर पडलं त्याला पापी म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. पश्चात्ताप हा पहिल्या पुरुषातच शोभतो. 'मी चुकलो', 'आम्ही चुकलो' हे त्याचं व्याकरण. 'तू चुकलास म्हणून हे झालं' असं म्हटलं की ती प्रार्थना राहत नाही, पंचनामा होतो.

आपल्या जुन्या पद्धतींतही ही खोट होती. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा निघायचा. लिंबाचा पाला, हळद-कुंकू, खण-नारळ घालून देवीला गाड्यात बसवायची आणि वाजवत नेऊन शिवेपलीकडं सोडायची. पलीकडच्या गावानं तो पुढच्या शिवेवर ढकलायचा. रोग नाहीसा होत नव्हता, शेजाऱ्याच्या दारात जात होता. भक्ती खरी, भीतीही खरी. पण आपलं संकट दुसऱ्याच्या शिवेत टाकताना हात थरथरल्याची नोंद कुठं सापडत नाही.

याच पटकीच्या काळातली शिर्डीची एक सकाळ या गाड्याशेजारी ठेवून बघावी. 1910 च्या सुमाराची गोष्ट. गोविंदराव दाभोलकर, म्हणजे हेमाडपंत, मशिदीत गेले तर साईबाबा गोणपाट अंथरून जातं मांडत होते. सुपात गहू घेतले, कफनीच्या बाह्या सारल्या, खुंटा ठोकला आणि दळायला बसले. फकिराला ना संसार ना रांधण, मग पीठ कशाला? बातमी गावभर झाली. चार बायका धावत आल्या, बाबांना बाजूला सारून खुंट्याला हात घातला आणि ओव्या गात दळू लागल्या. दळण झाल्यावर त्यांना वाटलं, बाबांना पिठाचं काय करायचंय, ते आपल्यालाच देतील. त्यांनी पिठाचे चार वाटे घातले. इतका वेळ गप्प असलेले बाबा एकदम भडकले. कुणाचं पीठ म्हणून नेता, असं त्यांनी झापलं, आणि ते शिवेवर ओढ्याकाठी टाकून या म्हणाले. हेमाडपंतांनी लोकांना विचारलं तेव्हा कळलं, गावात महामारीची साथ आहे. पुढं चरित्र लिहायला घेतलं तेव्हा त्यांनी सुरुवात या जात्यापासूनच केली.

भाविक सांगतात, बाबांनी गहू नव्हे, महामारीच भरडली. त्यांच्या श्रद्धेवर मी काही बोलणार नाही. मला त्या बायका दिसतात. त्या आल्या मदतीला. दळता दळता गाणं आलं. आणि दळण सरलं तसे हात आपोआप वाटे घालू लागले. वाईट बायका नव्हत्या त्या. गावात माणसं मरत असतानाही शेर-अर्धा शेर पीठ घरी न्यावंसं वाटावं, इतक्या तुमच्या-माझ्यासारख्या होत्या. बाबांनी त्यांना 'चुकलं-माकलं' म्हणू दिलं नाही; चूक पिठासारखी समोर ठेवली आणि लगेच त्याच हातांना काम दिलं. ते पीठ शिवेवर गेलं तेव्हा एकट्याच्या घरातून गेलं नाही, सगळ्या गावाचं म्हणून गेलं. आणि शिवेवर गेलं ते नुसतं पीठ.

नगर शहराच्या दक्षिणेला अरणगावाजवळ मेहेराबाद आहे. मेहेरबाबा 1923 साली तिथं आले, 10 जुलै 1925 पासून त्यांनी मौन धरलं आणि 31 जानेवारी 1969 रोजी देह ठेवीपर्यंत ते सोडलं नाही. या न बोलणाऱ्या माणसानं 1952 साली पश्चात्तापाची एक प्रार्थना दिली. ती आजही त्यांच्या समाधीपाशी म्हटली जाते. तिच्यात पापांची गोळाबेरीज नाही, यादी आहे: खोटे विचार, बोलायला नको ते बोल, स्वार्थानं केलेली कामं, न पाळलेले शब्द, पाठीमागं केलेली निंदा. आजीच्या 'चुकलं-माकलं'च्या गाठोड्यातली एकेक वस्तू कुणीतरी बाहेर काढून अंगणात मांडावी तशी. आणि तिच्यात सगळीकडे 'आम्ही' आहे. ज्यांना अनुयायी अवतार मानतात ते स्वतःही त्या 'आम्ही'त उभे राहत.

आता देवळातून शेतात येऊ, कारण नगर जिल्ह्यात गेल्या पन्नास वर्षांत पश्चात्तापाची सगळ्यात मोठी कामं शिवारात झाली. पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी दारूच्या भट्ट्यांनी पोखरलं होतं. यादवबाबांच्या देवळाची लाकडंसुद्धा भट्टीच्या चुलीत गेल्याचं सांगतात. 1975 साली लष्करातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी स्वतःच्या पैशातून ते देऊळ उभं केलं, आणि त्याच देवळात गावानं दारू सोडायचं ठरवलं. मग बांध, चर, झाडं, पाणी. हा वळण घेण्याचा मोठा नमुना आहे. त्याची दुसरी बाजूही लपवू नये: पिऊन येणाऱ्यांना खांबाला बांधून मारलं गेलं, हे अण्णांनी स्वतःच सांगितलं आहे. गाव सुधारलं, पण त्या खांबाकडे बघताना मला नेवाशाचा खांब आठवतो. एकाला टेकून वाकडेपण गळून पडो असं मागितलं गेलं. दुसऱ्याला बांधून ते झोडपून काढायचा प्रयत्न झाला. दोन्ही खांब एकाच जिल्ह्यात आहेत, आणि प्रत्येक सुधारकाला त्यांतला एक निवडावा लागतो.

हिवरे बाजारची तऱ्हा वेगळी. दारू, भांडणं, उजाड डोंगर, कामासाठी मुंबई-पुण्याची वाट. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले. गावानं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान अशी पंचसूत्री घेतली. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, उसाच्या आणि केळीच्या नादी लागायचं नाही, असंही ठरलं. पण मला सगळ्यात धार्मिक वाटतो तो तिथला पाण्याचा ताळेबंद. यंदा पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, माणसाला आणि गुरांना किती लागेल, मग पिकाला किती उरेल, हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर मांडतात आणि त्यावरून कोणतं पीक घ्यायचं ते ठरवतात. पाऊस कमी तर पीकही कमी. आपण जमिनीतून किती उपसलं हे आकड्यांत, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत सांगणं, याला मी कबुलीच म्हणतो. आमच्या लहानपणी पाऊस पडला नाही की देवाला कोंडत. हिवरे बाजारनं आपल्या हावेला कोंडलं.

17 मार्च 2020 ला शिर्डीचं समाधी मंदिर बंद झालं ते 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडलं. संकटात जायचं तिथंच कुलूप. त्या आठ महिन्यांतली पानं या संग्रहात आहेत, आणि ती मला सगळ्यात कोवळी वाटली. बहुतेकांनी लिहिलंय ते देवाबद्दल कमी आणि माणसांबद्दल जास्त: कुणाला खांदा देता आला नाही, कुणाच्या दारावरून मान खाली घालून गेलो, बाहेरून गावी परतलेल्या सख्ख्या भावाला आठवडाभर रानात झोपवलं. मरीआईचा गाडा शिवेवर ढकलणारे हात आपल्यालाही आहेत, हे त्या पानांत कुणी थेट म्हटलेलं नाही. पण ते तिथं आहे.

वाचकाला एकच विनंती. या प्रार्थना चमत्कार शोधायला वाचू नका. पाऊस आला का, साथ हटली का, कर्ज फिटलं का, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी नाही असंच आहे. प्रत्येक प्रार्थनेनंतर हात कुठं गेला, तेवढं बघा. कागदांकडे, जात्याच्या खुंट्याकडे, ताटाकडे, की खांबाला बांधायच्या दोरीकडे.

दोरीवरून आठवलं. आजीची गोष्ट मी आयुष्यभर कौतुकानं सांगत आलो: माझी आजी आधी वस्तीतल्या बाईचा हंडा भरायची. हे लिखाण वाचता वाचता, वयाची साठी उलटल्यावर, पहिल्यांदा लक्षात आलं की दोर शेवटपर्यंत आजीच्याच हातात होता. तिनं पाणी ओतलं, पण दहा पावलं लांब बसलेल्या बाईला काठावर बोलावून, "घे, तू शेंद" असं ती म्हणाली नाही. तिला ते सुचलं नसेल, किंवा सुचून धजलं नसेल. शेजारी मी उभा होतो, बादली धरून. मलाही सुचलं नाही, आणि सुचायला पन्नास वर्षं लागली.

चुकलं ते हे.